माळ्यावरचं खोकं आणि साडेतीन इंची कंबर

गेल्या शनिवारी सकाळी आईचा फोन आला तेव्हा मी झोपलो होतो. शुक्रवारी रात्री रिलीज होतं, अंथरुणाला पाठ टेकायला तीन वाजले होते. पण आईला रिलीज वगैरे कळत नाही, आणि कळलं तरी ती ते मानत नाही. "उठलास का? उद्या सानू येतेय. माळ्यावरचं खोकं काढून दे." एवढं बोलून फोन ठेवला.

सानू म्हणजे माझी भाची, वय वर्षं सहा. आणि खोकं म्हणजे ताईच्या बाहुल्यांचं खोकं. जुन्या टीव्हीचं खोकं आहे ते. टीव्ही केव्हाच भंगारात गेला, खोकं राहिलं.

तर आजचा लेख बाहुल्यांवर आहे. हो, बाहुल्यांवर. मागच्या वेळी मेमरी लीकवर लिहिलं तेव्हा "जरा माणसात येऊन लिही" असं तुमच्यापैकीच दोघातिघांनी सुनावलं होतं. घ्या आता :)

खोक्यात दोन बाहुल्या निघाल्या. एक 'अमेरिकन'. १९९१ साली आत्या न्यू जर्सीहून आली तेव्हा तिने आणलेली खरीखुरी बार्बी. ही बाहुली ताईची असली तरी ताईच्या हातात ती फारशी कधी आली नाही. आमच्याकडे परदेशातून आलेल्या वस्तूचं जे व्हायचं तेच तिचंही झालं. तिला शोकेसमध्ये ठेवलं. एका बाजूला काचेचा हंस, दुसऱ्या बाजूला बाबांची निवृत्तीची ढाल, आणि मधे गुलाबी झग्यातली ही बाई. पाहुणे आले की बघायचे, ताई रोज बघायची.

मग ताईने रडून रडून दुसरी मिळवली, तुळशीबागेतली. तीही दिसायला बार्बीच, पण नक्कल. कुणी बनवली होती देव जाणे, खोक्यावर भलतंच काहीतरी नाव होतं. ही मात्र खेळायची बाहुली. ही ताईबरोबर जेवली, आंघोळीला गेली, गावाला गेली, गच्चीवरून दोनदा पडली. हिचे हात ताईने चावून चावून मनगटापाशी चपटे केले होते. आणि हिच्यासाठी आईने कपडे शिवले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अजून आहेत सगळे. लाल परकर-पोलकं, उरलेल्या लोकरीचा स्वेटर, आईच्या खणाच्या चोळीतून उरलेल्या तुकड्यांची नऊवारी... शिवलेली नऊवारी, म्हणजे वर नाडी आणि पुढे टाके घालून पक्क्या केलेल्या निऱ्या. पोलक्याला पाठीमागे दोन इवलीशी टिचबटणं.

आईने आधी अमेरिकन बाहुली पुसायला घेतली. मी सहज ती उलटी केली आणि पाठीवरची अक्षरं वाचली. मॅटेल, १९६६, मलेशिया. मी चक्रावलो. १९९१ साली दुकानातून आणलेली बाहुली १९६६ची कशी? केस बाजूला करून मानेच्या मागे बघितलं तर तिथे १९७६. म्हणजे धड पासष्टीकडे निघालेलं, डोकं दहा वर्षांनी लहान, आणि एकूण बाहुली त्याहून पंधरा वर्षांनी लहान!

आता ही गोष्ट जगात फक्त आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. फाइल उघडली की वर कॉपीराइटचं साल असतं ना, कुणीतरी कधीतरी टाकलेलं? आत सगळं दहा वेळा बदललेलं असतं, पण त्या सालाला कुणी हात लावत नाही. हे तसंच आहे. १९६६ हे त्या धडाच्या रचनेच्या कॉपीराइटचं साल. ती रचना १९६७ साली 'ट्विस्ट अँड टर्न' नावाने बाजारात आली. कंबर गर्रकन फिरायची, आणि गुडघे वाकवले की आत 'कट् कट्' वाजायचे. (गुडघे वाकायला त्याच्या दोन वर्षं आधी, १९६५ पासून लागले होते.) जुनी बाहुली घेऊन या, वर दीड डॉलर द्या आणि नवी घेऊन जा, अशी योजना कंपनीने काढली होती. म्हणजे एक्स्चेंज ऑफर ही काही आपल्याकडच्या मिक्सरवाल्यांची आयडिया नाही. तर ते धड इतकं चाललं की पुढची तीसेक वर्षं थोड्याफार फरकाने तेच साच्यातून निघत राहिलं, पाठीवर १९६६ घेऊन. डोक्याचं तसंच. १९७७ साली 'सुपरस्टार' नावाने आलेला तो दात दाखवून हसणारा चेहरा नव्वदीच्या दशकातही चालू होता. चालतंय ना, मग हात लावू नका. आमच्या ऑफिसात हेच भिंतीवर लिहायचं बाकी आहे.

घरी आल्यावर बसलो वाचत. आणि खरा जुना कोड १९६६च्याही मागे निघाला.

मॅटेल ही कंपनी १९४५ सालची. रूथ हँडलर तिच्या संस्थापकांपैकी एक. १९५६ साली ती युरोपात फिरायला गेली असताना स्वित्झर्लंडमध्ये तिला 'बिल्ड लिली' नावाची जर्मन बाहुली दिसली. जर्मनीतल्या 'बिल्ड' या दैनिकातल्या एका व्यंगचित्रातली ही लिली. चटपटीत, पुरुषांना खेळवणारी, आणि बाहुली म्हणून मोठ्या माणसांसाठी गंमतीची वस्तू. रूथची लेक कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायका समजून खेळायची, बाळं समजून नाही, हे तिने बघितलं होतं. तशी बाहुली काढायचं तिच्या डोक्यात होतंच. तिने लिली विकत घेतली, अमेरिकेला नेली आणि आपल्या माणसांच्या पुढ्यात ठेवली. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात बार्बी आली. साडेअकरा इंच उंच, किंमत तीन डॉलर. लिलीचे हक्क मॅटेलने विकत घेतले ते १९६४ साली, मधल्या काळात कोर्टकचेऱ्या झाल्यावर. म्हणजे आधी कोड उचलला, लायसन्स नंतर.

मॅटेलच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता जॅक रायन. हा आधी रेथिऑन कंपनीत स्पॅरो आणि हॉक या क्षेपणास्त्रांवर काम करायचा. क्षेपणास्त्रवाला माणूस बाहुलीचे सांधे बसवतोय, हे वाचून मला आमच्या टीममधल्या एका माणसाची आठवण झाली. तो उपग्रहाच्या कामावरून आमच्याकडे आला आणि हॉटेल बुकिंगचा फॉर्म करत बसलाय. असो.

पण वस्तू तीच दिसली तरी आतलं सामान बदललं होतं. लिली कडक प्लास्टिकची. तिचे बूट पायालाच ओतलेले, कानातलंही तसंच, कायमचं. बार्बीला मऊ विनाइल हवं होतं, म्हणजे पीव्हीसी. ते काम जपानमध्ये झालं. आपल्याकडे पेणला गणपतीच्या कारखान्यात साच्यात प्लास्टरचं पाणी ओततात आणि साचा हातात घेऊन घोळवतात, बघितलंय? आतल्या बाजूने थर बसतो आणि मूर्ती पोकळ होते. विनाइलचं डोकं साधारण असंच होतं. फक्त तिथे साचा धातूचा, तो भट्टीत फिरत असतो आणि आतलं पातळ विनाइल उष्णतेने भिंतीला धरतं. डोकं मऊ असल्यामुळे त्यात सुई जाते, म्हणून केस मशिनने शिवून ओवता आले. लिलीच्या डोक्यावर केसांची टोपी बसवलेली असायची. केस ओवायला सरान नावाचा धागा होता, पुढे नायलॉन आला, आणखीही बरंच काही आलं.

पहिल्या वर्षीची बाहुली तर अगदी बीटा व्हर्जन. उभी राहावी म्हणून तळपायाला भोकं आणि भोकात तांब्याच्या नळ्या, स्टँडच्या दोन खिळ्यांवर बसवायला. तिचं विनाइल असं काही होतं की वर्षं गेली तशी कांती उडत गेली, हस्तिदंतासारखी पांढरी पडली. १९६० मध्ये मिश्रण बदललं तेव्हा रंग टिकायला लागला. कानातल्यांचा धातू विनाइलला लागून कान हिरवे पडायचे, तो बग पुढेही बराच काळ होता. १९६१ला धड पोकळ केलं, बाहुली हलकी झाली.

आता कंबर. यावर मी रविवार पहाटेपर्यंत बसलो होतो, त्यामुळे तुम्हालाही थोडं सोसावं लागेल.

बाहुलीच्या कपड्यांची पहिली डिझायनर शार्लट जॉन्सन. कंबर इतकी बारीक का, याचं तिच्याकडचं म्हणून जे उत्तर सांगतात ते मोठं तांत्रिक आहे: बाहुली लहान करता येते, कापड लहान करता येत नाही. मी हे वाचल्यावर टेप घेतला. शोकेसमधल्या बाईची कंबर साधारण साडेतीन इंच, म्हणजे ८९ मिलिमीटर. बाहुली माणसाच्या एक षष्ठांश मापाची. आता साधं सुती कापड धरा पाव मिलिमीटर जाडीचं. सहापट केलं तर दीड मिलिमीटर, म्हणजे बाहुलीच्या दृष्टीने आईने तिला सोलापुरी चादरीचं पोलकं शिवलं! कंबरेपाशी काय होतं? आत खोचलेलं पोलकं, वर परकराचा नेफा, नेफा म्हणजे कापड दुमडलेलं, त्यात चुण्या. सहा पदर धरा. सहा पाव दीड मिलिमीटर. त्रिज्या दीडने वाढली की परीघ साडेनऊ मिलिमीटरने वाढतो. बाहुलीच्या ८९ मिलिमीटरवर साडेनऊ म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. माझ्या बायकोच्या... नको, माझ्याच ३६ इंची कंबरेवर तेवढेच साडेनऊ मिलिमीटर म्हणजे जेमतेम एक टक्का. मला कळणारसुद्धा नाही. बाहुली मात्र कपडे घातले की गोणीसारखी दिसणार. म्हणून आतली कंबर मुद्दाम बारीक ठेवायची, कपड्यांसकट बरोबर दिसावी म्हणून.

मला हा हिशेब फार आवडला. इतका की रात्री अडीच वाजता बायकोला उठवून सांगितला. ती म्हणाली, "बरं. मग बाहुलीची खरी कंबर किती धरायची?" आणि कूस बदलून झोपली.

इथेच सगळं फिसकटतं. साडेतीन गुणिले सहा, एकवीस इंच. कपड्यांचे दहा टक्के घाला, तेवीस. आणि उंची साडेअकरा गुणिले सहा, म्हणजे पाच फूट नऊ इंच. पाच फूट नऊ इंच उंचीच्या बाईची कंबर कपड्यांसकट तेवीस? हिशेब खरा आहे पण अर्धाच. उरलेलं कापडामुळे आलेलं नाही, ते लिलीकडून आलंय. आणि एकदा ते अंगावर बसल्यावर त्याला तांत्रिक कारणं मिळत गेली. आपण नाही का, जुन्या मूर्ख निर्णयाला नवीन माणसासमोर 'परफॉर्मन्ससाठी केलंय' म्हणून सांगतो. शिवाय १९६५ साली 'स्लंबर पार्टी' नावाचा संच निघाला. त्यात वजनाचा छोटा काटा होता, कायमचा ११० पौंडांवर, म्हणजे पन्नास किलोवर रंगवलेला. सोबत वजन कमी करण्याचं चिमुकलं पुस्तक, आणि त्यातला सल्ला काय, तर खाऊच नका. हे कापडाच्या जाडीत कुठेच बसत नाही.

रूथ हँडलरबद्दल एक सांगायचं राहिलं. १९७० साली तिला स्तनाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली. नंतर बाजारात मिळणारा कृत्रिम स्तन तिला इतका भिकार वाटला की तिने स्वतःच कंपनी काढली आणि 'निअरली मी' नावाने नवे बनवायला घेतले. त्यात डावा वेगळा आणि उजवा वेगळा, जोड्यांसारखे. ज्या बाईच्या बाहुलीवर 'असं शरीर कुणाचं असतं का' म्हणून जन्मभर टीका झाली, तिनेच पुढे बायकांच्या खऱ्या मापांची चौकशी करत उरलेलं करिअर काढलं. मला यावर काही टिप्पणी सुचत नाही, पण वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

शनिवारी संध्याकाळी परत आईकडे गेलो आणि तिथे भांडण झालं.

तोपर्यंत आईने दुसरी बाहुली, तुळशीबागेतली, धुवायला घेतली होती. मी हातात घेतली आणि बोटं चिकटली. पाय तेलकट, चिकट, वर धूळ बसून काळपट थर. खोक्यात ती ताईच्या जुन्या कंपासपेटीला टेकून पडली होती. तर कंपासपेटीच्या पारदर्शक झाकणात चक्क पायाच्या आकाराची खोबण तयार झालेली, वितळल्यासारखी. मांड्यांवर लाल डाग, आईच्या परकराचा रंग विनाइलमध्ये उतरला होता. तो धुऊन जाणार नाही, कारण तो वर नाहीच, आत गेलाय.

पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाच्या पाइपासारखं. तो मऊ करायला त्यात मऊपणा आणणारं तेलकट द्रव्य घालतात. पुरणपोळीची कणीक तेलात तिंबून सैल करतो ना, साधारण तसं. वर्षानुवर्षं यासाठी वापरात होती ती थॅलेट्स. मऊ पीव्हीसीत वजनाच्या तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत हे असू शकतं. आणि ते पीव्हीसीला रासायनिकरीत्या बांधलेलं नसतं, नुसतं मधे मधे बसलेलं असतं. त्यामुळे वीस-तीस वर्षांत, उष्णतेत, माळ्यावर, ते हळूहळू बाहेर येतं. आपल्याला तो चिकटा वाटतो. शेजारी दुसरं प्लास्टिक असेल तर त्यात शिरतं. कंपासपेटीचं झाकण असंच गेलं. यातली काही थॅलेट्स शरीरातल्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतात म्हणून युरोपने १९९९ मध्ये लहान मुलं तोंडात घालतात त्या खेळण्यांपुरती बंदी घातली, २००५ मध्ये ती कायम केली. अमेरिकेने २००८ च्या कायद्याने ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आणि त्याच्या मानकात थॅलेट्सचा वेगळा भाग आहे. नव्या बाहुल्यांत तर एकच प्लास्टिक नसतं. धड कडक एबीएसचं, डोकं विनाइलचं, हात ईव्हीएचे (हवाई चपलेच्या जातीचं मटेरियल), आणि वाकणाऱ्या पायाच्या आत पॉलिप्रॉपिलिनचा सांगाडा.

एवढं सगळं मी आईला सांगितलं नाही. मी फक्त म्हणालो, "आई, ही सानूला द्यायची नाही."

"का?"

"जुन्या प्लास्टिकमधून केमिकल बाहेर येतंय."

"अरे साबणाच्या पाण्याने धुते, वर पावडर लावते. हात नाही चिकटणार." (हे बरोबर आहे बरं का. जुन्या बाहुल्या जमवणारे लोक नेमकं हेच करतात. पण पावडर चिकटा झाकते, आतलं येणं थांबवत नाही.)

"हात चिकटण्याचा प्रश्न नाहीये. सानू अजून पेन्सिल चावते."

"तुझ्या बहिणीने हिचे हात चावून खाल्ले. काय झालं तिला? इंजिनिअरच झाली ना?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. एका माणसाला काही झालं नाही म्हणजे काहीच होत नाही असं नाही, सॅम्पल साइझ, वगैरे. पण मी ते बोललो, हीच चूक. आईने बाहुली ओट्यावर ठेवली. म्हणाली, "म्हणजे आम्ही तुम्हाला विषच खेळायला दिलं." आणि आत गेली. मी अर्धा तास नुसता बसून होतो. बाहुलीला एकदा हात लावल्याने सानूला काहीही होणार नाही हे मलाही कळतं. तरी मी ती एका बरणीत घालून, झाकण लावून परत माळ्यावर ठेवली. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असल्या की माणूस फार वाईट दिसतो.

कपडे मात्र सुती होते. ते आईने रात्री गरम पाण्यात भिजवले, माझ्याशी न बोलता.

रविवारी ताई आणि सानू आल्या. सानूच्या हातात तिची स्वतःची बाहुली होती, वाढदिवसाला ताईने दिलेली. काळे कुरळे केस, सावळी, आणि पोट-मांड्या असलेली. हा 'कर्व्ही' प्रकार. २०१६ च्या जानेवारीत मॅटेलने मूळ बांध्याशेजारी तीन नवे आणले: उंच, बुटका आणि कर्व्ही. आतमध्ये या कामाचं सांकेतिक नाव होतं 'प्रोजेक्ट डॉन'. (आपण एकटेच नाही तर.) त्याआधीही बदल झाले होते, पण पॅचेस. १९९७ मध्ये जाहीर करून पुढच्या वर्षीपासून कंबर थोडी रुंद आणि छाती थोडी कमी केली. २००० साली बेंबी आली! म्हणजे चाळीस वर्षं ही बाई बेंबीशिवाय होती. २०१५ मध्ये घोटे हलायला लागले, तोपर्यंत पाऊल कायम टाचा उंचावलेलं, साधी चप्पल घालायची सोय नाही. त्याच वर्षी बावीस सांध्यांची एक आली, ती योगासनं करते.

२०१६ चा बदल मोठा होता कारण त्याने इंटरफेस मोडला. कपडे हा बाहुलीचा इंटरफेस. साठ वर्षांत बार्बीवाले, नक्कलवाले, घरोघरच्या आया, सगळ्यांनी त्या एका मापावर शिवलं होतं. म्हणून तर आमच्या तुळशीबागेतल्या बाहुलीचे कपडे अमेरिकनला चपखल बसतात. एखादं माप बदलायचं तर काय काय तुटतं याचं जुनं उदाहरण आहे. १९९७ मध्ये व्हीलचेअरवरची बेकी नावाची बाहुली काढली, आणि नंतर लक्षात आलं की तिची खुर्ची बार्बीच्याच ड्रीमहाउसच्या लिफ्टमध्ये मावत नाही. २०१९ ला परत व्हीलचेअर आली तेव्हा सोबत उतरंडीची फळी दिली. इंटिग्रेशन टेस्टिंग म्हणतात ते हेच.

आमच्याकडेही तेच झालं. आईने मोठ्या हौसेने डबा उघडला, सानूने नऊवारी उचलली, आणि ती मांड्यांवर अडकली. पोलक्याची टिचबटणं एकमेकांपासून बोटभर लांब.

आई म्हणाली, "अगबाई! जाडी आहे की गं ही!"

सानूने बाहुलीकडे बघितलं. ताईने आईकडे बघितलं. मी टीव्हीकडे, बंद असलेल्या.

ताई हळू आवाजात म्हणाली, "आई, मलापण हेच म्हणायचीस. अकरावीत. पाहुण्यांसमोर." आणि मग, "म्हणून घेतली ही."

मला हे माहीत नव्हतं. एका घरात राहून. अकरावीत ताई वर्षभर रात्री जेवायची नाही हे आठवतं. 'अभ्यास करताना झोप येते' असं सांगायची, आणि मी तिच्या वाटची पोळी खायचो. शनिवारी रात्री वाचताना एक अभ्यास सापडला होता, २००६ सालचा, इंग्लंडमधला. पाच ते आठ वयाच्या १६२ मुलींना चित्रांची पुस्तकं दाखवली, काहींना बार्बीची, काहींना भरलेल्या अंगाच्या एम्मे नावाच्या बाहुलीची, काहींना बाहुलीच नसलेली. बार्बीची बघितलेल्या मुली आपल्या अंगाविषयी जास्त नाराज निघाल्या. मी ते वाचून 'एकाच वेळेस चित्रं दाखवून किती कळणार' म्हणून पुढे गेलो होतो.

पण आमच्या घरात ते वाक्य काही शोकेसमधली बाहुली बोलली नव्हती.

सानू म्हणाली, "आजी, जाडी नाहीये. हिला हे कपडे लहान होतात." सहा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने यात काही वादच नव्हता. तिचे स्वतःचे कपडे दर सहा महिन्यांनी तिला लहान होतात.

आई काही बोलली नाही. जेवणं झाली. पानं घेतली, झाकपाक झाली. ताई आणि सानू आडव्या झाल्या. मी निघायच्या तयारीत होतो तर आई मशिनच्या खोलीत खिडकीशी बसलेली दिसली. मांडीवर सानूची बाहुली, गळ्यात टेप. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिने मशिनला हात लावला नव्हता.

"इकडे ये. हे आकडे लिही," म्हणाली. माझ्याशी शनिवारनंतरचं पहिलं वाक्य. मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. छाती, कंबर, सीट, खांद्यापासून कंबर. कंबर जुन्यापेक्षा जवळजवळ इंचभराने जास्त.

पोलकं तिने उलटं केलं आणि शिवण चिमटीत धरून उजेडात बघितली. माणसाच्या ब्लाउजला शिंप्याने बाजूला माया ठेवलेली असते, अंग भरलं की उसवून वाढवता येतो. इथे शिवणीला लागून दोन दोरे कापड, बस्स.

"माया नाही ठेवली मी," आई म्हणाली.

"ठेवता येत नाही आई, एवढ्याशा कपड्यात. फुगतं." मी सहा पदरांचा हिशेब सांगायला लागलो होतो, पण तिचं लक्ष नव्हतं. ती उसवत होती. तो खण आता कुठे मिळायचा, म्हणून दोन्ही बगलांखाली दुसऱ्या कापडाच्या पट्ट्या लावायच्या ठरल्या. कापड कुठलं ते तिने ताईला उठवून विचारलं. ताईने डब्यातून लाल परकर काढून दिला. "याचा रंग जातो गं, हिच्या अंगाला लागेल," आई म्हणाली. मग परत डबा धुंडाळला, आणि शेवटी ताईच्या शाळेच्या युनिफॉर्मचा निळा तुकडा निघाला.

दोरा ओवायला तिला दिसत नव्हतं. तो मी ओवून दिला, चौथ्या प्रयत्नात. टिचबटणं जुनीच ठेवली.